कोपऱ्यातल्या गुलाबावरची खानावळ

दाजी, कावळा लगेच शिवला. पिंड मांडून भटजी मागं सरतात न सरतात तोच आला, चोच मारली आणि गेला. पवनेच्या घाटावर जमलेली सगळ्या भावकीनं हुश्श केलं. "काही इच्छा मागं ठेवली न्हाई गड्यानं," तुमचे चुलते म्हणाले. ताई पदर तोंडाला लावून रडली, पण त्या रडण्यात जरा बरं वाटणंही होतं. मी मात्र मनातल्या मनात त्या कावळ्याला शिव्या घालत होतो. मला वाटलं होतं तो अडून बसेल. तासभर येणार नाही, ऊन वर चढेल, मग नेहमीसारखं कुणीतरी म्हणेल, अरे कुणाचं काही राहिलंय का, बोला की. आणि मग मला बोलावंच लागेल. तेवढी तयारी करून मी घाटावर आलो होतो. दोन मिनिटांत सगळं आटोपलं.

मग माईक आला. आपल्याकडं दहाव्याला माईक येतोच, तुम्हीच हसायचात त्याला. मेलेल्या माणसापेक्षा जिवंत माणसांचीच ओळख जास्त होते म्हणायचात. माजी नगरसेवक बोलले, तुमच्या जुन्या वर्कशॉपमधले एक जण बोलले. मग तुमच्या चुलत्यांचा थोरला उभा राहिला. "नामदेवदादाला झाडांचा लय नाद," तो म्हणाला. "किडा बघून सांगायचा, ह्यो वैरी, ह्यो मैतर. पण शेवटी शेवटी नजर गेली आन् चुकायला लागला. वयापुढं कुणाचं चालतंय?" लोकांनी माना डोलावल्या. त्यात वाईट हेतू नव्हता, दाजी, मायेनंच बोलला तो.

तुम्ही चुकला नव्हतात. त्या अख्ख्या घाटावर हे मला एकट्यालाच माहीत होतं, आणि पुढचा माईक माझ्याच हातात आला. "आता मेहुणे विलासराव दोन शब्द बोलतील." मी म्हणालो, दाजी फार मायाळू होते, त्यांनी मला हात धरून या गावात आणलं, त्यांच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. एवढं बोलून माईक परत दिला. कंपनीत निरोपसमारंभाला बोलतो तसं बोललो मी तुमच्याबद्दल. खाली बसलो तेव्हा शेजारच्यानं पाठीवर हात ठेवला, म्हणाला, राव, चांगलं बोललात.

तेव्हा आता इथं लिहितो. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. तरी तोंड तुमच्याकडंच करून लिहायला हवं, दुसऱ्या कुणाकडं बघून हे जमत नाही.

तुमची काळेवाडीची गच्ची आठवते तिथपासून सुरू करतो. चाकणकडची जमीन कंपनीत गेली, तुम्ही भोसरीत लेथवर आयुष्य काढलंत, आणि रिटायर झाल्यावर तिच्यातल्या चार गुंठ्यांचीही भरपाई होणार नाही एवढ्याशा गच्चीवर रंगाच्या डब्यांत शेती मांडलीत. वांगी, मिरची, भेंडी, कढीपत्ता, आणि कोपऱ्यात तो एक गुलाब. रविवारी मी आकुर्डीहून यायचो, ताई खाली स्वयंपाकात आणि आपण दोघं वर. मी कंपनीतून आणून दिलेलं भिंग तुमच्या डोळ्याला, आणि तुम्ही पानाच्या पोटाशी वाकलेले. हिरव्या पानावर हिरवा किडा, मोहरीएवढा. मला तर सगळे सारखेच दिसायचे.

"सारखं कसं?" तुम्ही म्हणायचात. "ह्यो बघा मावा. गर्दी करून बसतो, हलत न्हाई. मागं दोन काळ्या नळ्या हायेत, सायलेन्सर असल्यावानी. आन् ह्यो तुडतुडा. बोट न्या जवळ. बघा, तिरका पळाला. सरळ चालायचं ह्याच्या बापाला ठाऊक न्हाई." आणि मग आवाज खाली आणून, जणू पाहुणा झोपलाय, तुम्ही पान उलटं करायचात. पानाला केस उगवल्यासारखा एक धागा, आणि धाग्याच्या टोकाला हिरवट अंडं. असे सात-आठ. "ही आपली माणसं." अंड्यातून निघालेलं पिल्लू बारक्या मगरीसारखं मावा धरून शोषायचं, आणि मोठं झालं की जाळीच्या पंखांचा हिरवा नाजूक किडा व्हायचा. कृषी खात्याच्या पत्रकात त्याचं नाव क्रायसोपा आहे, तुम्ही सोनडोळी म्हणायचात. कारण डोळे खरोखर सोन्याच्या रंगाचे.

कोपऱ्यातला गुलाब कायम माव्यानं भरलेला असायचा आणि तुम्ही त्याला हात लावू द्यायचा नाहीत. मला ते बघवायचं नाही. शेंडे सगळे चिकट, कळ्या वाकड्या. मी म्हणायचो, दाजी, एवढी घाण कशाला ठेवलीय, एक फवारा मारा, विषय संपला. तुम्ही म्हणायचात, "आवो, ती खानावळ हाय. भोसरीत कामाला पोरं येत्यात, मेस नसती तर ऱ्हायली असती का? मेस बंद केली की गडी गाव सोडतोय. मग बाकीच्या झाडांची राखण कुणी करायची, तुमी?"

यावर आपलं भांडण सहा वर्षं चाललं. माझं म्हणणं सरळ होतं. मी चाकणला फायनल इन्स्पेक्शनला आहे. आमच्या टेबलासमोर बोर्ड असतो, त्यावर चांगला माल कसा दिसतो आणि खराब कसा दिसतो त्याचे नमुने लावलेले असतात. नमुन्याशी जुळलं नाही, की लाल पेटी. शंका आली तरी लाल पेटी. आम्ही थांबत बसलो तर लाइन थांबते. तुमचं म्हणणं, शंका आली तर बरणी. काचेची बरणी घ्यायची, त्यात किडा, त्याच्यासोबत पान, वर फडकं. दोन दिवस बघायचं. "नाव मागाहून ठेवा. आधी खातंय काय ते बघा." दोन दिवस! एका किड्याला! मला हसू यायचं आणि चीडही यायची.

एकदा मी मोबाइलमध्ये ते फोटोवरून किडा ओळखणारं ॲप घेऊन आलो. आमच्या कंपनीतले साहेब सोबत होते, माझी बायको होती, सगळे गच्चीवर चहा पीत होते. मी तुडतुड्याचा फोटो काढला, मोठ्या ऐटीत नाव वाचून दाखवलं. कुठलातरी अमेरिकेतला, द्राक्षांवरचा किडा निघाला. तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि शांतपणे म्हणालात, "आमेरिका सोडून हितं काळेवाडीत, माज्या भेंडीवर? आन् व्हिसा कुणी दिला?" साहेब इतके हसले की त्यांच्या बशीत चहा सांडला. पुढं कंपनीत वर्षभर मला कुणीही चुकीचा पार्ट दाखवला की विचारायचे, काय विलासराव, व्हिसा आहे का? मीही हसायचो. पण ते मला लागलं होतं, दाजी. मी डिप्लोमावाला, तुम्ही सातवी. हे असं मनात येत होतं, आज कबूल करतो. तोंडावर कधी आणलं नाही एवढंच.

आणि हा सातवीवाला कोण होता? एकोणिसाव्या वर्षी मी गावाकडून पत्र्याची ट्रंक घेऊन आलो तेव्हा एका खोलीत ताई, तुम्ही आणि लेक असताना मला जागा देणारा. स्वतः दाराशी झोपणारा. डिप्लोमा झाला, तुमच्याच वर्कशॉपमध्ये चिकटलो, आणि पहिल्याच महिन्यात तुमच्याच लेथवरची शाफ्टची पूर्ण क्रेट मी चीर आहे म्हणून लाल पेटीत टाकली. केवढा रुबाब केला होता मी! दाजी असले म्हणून काय झालं, काम म्हणजे काम. तुम्ही फडकं घेतलंत, एक शाफ्ट पुसलात. चीर पुसली गेली. तेलात चिकटलेला पुसायच्या फडक्याचा धागा होता तो. सुपरवायझर यायच्या आत तुम्ही एकेक शाफ्ट पुसून क्रेट परत जागेवर ठेवलीत आणि एवढंच म्हणालात, "पुसून बघावं, पावणं." ताईलासुद्धा सांगितलं नाहीत. मी पंचवीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून मिरवतोय ते तुम्ही त्या दिवशी गप्प बसलात म्हणून. माझी चूक तुम्ही झाकलीत. मी काय केलं ते आता सांगतो.

दिवाळीनंतर तुमच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलमध्ये नेलं, स्टेंट टाकला, दहा दिवस तिथंच. ताई तुमच्या उशाशी. घराची किल्ली माझ्याकडं आणि झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडं. तुम्ही नाकात नळी असतानाही मला बजावलंत, "फकस्त पाणी. दुसरं काय नगं. कोपऱ्यातल्या गुलाबाला तर हातच लावू नगा." मी म्हणालो, हो हो, तुम्ही आराम करा.

दोन दिवस मी पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी रविवार होता, ऊन चांगलं पडलं होतं, आणि तो गुलाब बघून माझं डोकं फिरलं. मला वाटलं, माणूस मरता मरता वाचलाय, घरी येईल तेव्हा गच्ची कशी लख्ख दिसली पाहिजे. खरंच असं वाटलं, दाजी, हे खोटं नाही. पण त्यात दुसरंही मिसळलेलं होतं. आता अडवायला कोणी नाही, हेही वाटलं होतं. चाकणच्या कृषी सेवा केंद्रातून आदल्या दिवशीच औषध आणून ठेवलं होतं मी, म्हणजे ठरवलेलंच होतं की. दुकानदारानं विचारलं, "कीड कोणती?" मी म्हणालो, "हिरवी." तो हसला. म्हणाला, मग सगळ्यावर चालणारं देतो.

हिरवी. पंचवीस वर्षांचा इन्स्पेक्टर, आणि कीड कोणती विचारलं तर हिरवी!

पंप भरून मी सगळ्या झाडांवर मारलं. पानाच्या वरून, पानाच्या खालून. गुलाबावर दोनदा. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी बघायला आलो तर मावा साफ. मी फोटोसुद्धा काढला. मग खाली बघितलं. फरशीवर बारीक बारीक हिरवे पंख पडले होते, जाळीचे. झाडूनं गोळा केले तर मूठभरही भरले नाहीत. त्यातला एक अजून पाय हलवत होता. मी वाकून बघितलं. त्याचे डोळे सोनेरी होते.

म्हणजे मला त्याच दिवशी कळलं होतं, दाजी. पुढं जे बोललो ते न कळता बोललो नाही. फिनेल टाकून फरशी धुतली, वास जावा म्हणून. औषधाची बाटली पिशवीत घालून चाकणला नेली आणि कंपनीच्या घातक कचऱ्याच्या पिंपात टाकली. अगदी नियमाप्रमाणे, झाकण घट्ट लावून. पुरावासुद्धा मी शिस्तीत नाहीसा केला.

तुम्ही घरी आलात. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली होती. महिन्याभरानं हळूहळू वर आलात, ताईचा खांदा धरून, आणि मी मागं. तोवर माव्यानं परत उचल खाल्ली होती, आणि आता त्याला खाणारं कुणीच नव्हतं. मिरचीचे शेंडे चिकट, वांग्याच्या पानांवर काळी बुरशी, भेंडीची पानं कडेनं पिवळी. तुम्ही कितीतरी वेळ एकेक पान उलटत राहिलात. अंडी शोधत होतात. एकही सापडेना. "माझी माणसं कुठं गेली?" तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडं वळलात. "पावणं, काय मारलं व्हतं का?"

त्या प्रश्नात राग नव्हता. साधं विचारलंत, मशिनवर आधीच्या शिफ्टवाल्याला विचारावं तसं. मी हो म्हणालो असतो तर तुम्ही दोन शिव्या घातल्या असत्यात, चार दिवस टोमणे मारले असतेत आणि नवी खानावळ उघडली असतीत. ताई शेजारी उभी होती. मी म्हणालो, "छे हो. फक्त पाणी घातलं."

तुम्ही मान हलवलीत. परत पान बघितलंत. भिंग डोळ्याला लावलंत, काढलंत, चष्मा पुसलात. आणि म्हणालात, "मग मलाच वळाखता आलं नसंल. मोतीबिंदू वाढलाय जणू. ज्याला मैतर समजत व्हतो, तो वैरीच असंल."

कंपनीत दोष सापडला की आम्ही पाच वेळा 'का?' असं विचारतो. पहिल्या उत्तराला भुलायचं नाही, खणत जायचं, मुळापर्यंत. मी दुसऱ्यांना हे शिकवतो. म्हणून दहाव्यानंतर घरी येऊन बसलो आणि स्वतःला विचारलं. खोटं का बोललास? ताईसमोर लाज वाटली म्हणून. मग नंतर एकट्यात का नाही सांगितलंस? त्यांच्या हृदयाला त्रास नको म्हणून. हे उत्तर मी चार महिने वापरलं, फार सोयीचं उत्तर होतं. पण ते खरं असतं तर तुम्ही खचत होतात ते बघून मी सांगितलं असतं ना? खचणं काय हृदयाला चांगलं असतं? तिथून पुढं खणायला मला दोन दिवस लागले. तळाशी हे निघालं. तुम्ही "मलाच वळाखता आलं नसंल" म्हणालात, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

बरं वाटलं होतं, दाजी. अगदी थोडं, पण वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही चुकला होतात. व्हिसा माझा नाही, तुमचा हुकला होता. ज्यानं मला दाराशी झोपून आत जागा दिली त्या माणसाच्या पडण्यानं मला बरं वाटलं. याच्यापुढं 'का?' विचारायची गरज नाही, मूळ सापडलं.

पुढच्या रविवारी तुम्ही भिंग माझ्या हातात ठेवलंत. "घ्या. तुमच्या डोळ्यांना हुईल उपेग." मी घेतलं! नको म्हणालो नाही. आणि शेजारच्या कांबळे मावशींच्या गच्चीच्या कठड्याशी जाऊन तुम्ही त्यांना म्हणालात, "बाई, माझं ऐकून औषध बंद केलं व्हतं न्हवं तुमी? चालू करा. मला कळत न्हाई त्यातलं." मी तिथंच उभा होतो, हातात भिंग घेऊन. त्यानंतर तुम्ही वर जायचंच सोडलंत. डबे एकेक करून लोकांना देऊन टाकलेत. आम्ही सगळे म्हणायचो, आजारानं माणूस मंदावला. मीही म्हणायचो. सगळ्यांच्या आधी म्हणायचो.

आणि मग त्या दिवशी सकाळी, आंघोळीला पाणी काढून ताई हाक मारायला आली तर तुम्ही खुर्चीतच गेला होतात.

दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी ताईकडं निघालो होतो. गल्लीत कांबळे मावशी भेटल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, तुमच्याच वयाच्या, तुम्ही त्यांना बाई म्हणायचात कारण तुमच्या लेकीला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. हातात रिकामा पंप. "विलासराव, तुम्ही चाकणला जाता ना? तिथून एखादं जालीम औषध आणून द्या. मारून मारून थकले, किडे हटत नाहीत."

काय झालं कुणास ठाऊक, घाटावर पाचशे माणसांत जे बोललो नाही ते त्या बोळात बाहेर पडलं. मी म्हणालो, मावशी, औषध नका मारू. दाजी बरोबर होते. ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मीच फवारणी केली आणि खोटं बोललो.

त्यांनी पंप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, वर्गात खोटं पकडलेल्या पोराकडं बघावं तसं. "चार महिने मी त्या माणसाशी धड बोलले नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या शब्दावर वर्षभर औषध मारलं नव्हतं मी. आणि तेच एक दिवस येऊन म्हणतात, मला कळत नाही. मला वाटलं, वर्षभर येड्यात काढलं मला. ते खिडकीत बसायचे, हात वर करायचे. मी बघितलं न बघितलं करून जायचे. दहाव्याला आले, तर लाजेनं मागंच उभी राहिले." मग एकदम आवाज चढला. "सुमनताईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला का आधी सांगता? मी सोपी वाटले होय तुम्हाला?"

सोप्याच वाटल्या होत्या.

ताई मेथी निवडत बसली होती, तुमच्या खुर्चीशेजारी, खाली जमिनीवर. मी समोर बसलो. चार काड्या मीही निवडल्या. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून, बाटली पिंपात टाकली तेसुद्धा. बरं वाटलं होतं, तेसुद्धा. मला वाटलं होतं ती ओरडेल, कपाळावर हात मारून घेईल, चालता हो म्हणेल. मी त्याची वाट बघत होतो. ओरडली असती तर मला आवडलं असतं.

ती निवडत राहिली. देठ एकीकडं, पानं एकीकडं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं."

"मोतीबिंदू थोडा होता, ताई. पण एवढा नाही."

"मला वाटायचं आजारानं असं करतात," ती म्हणाली. "सकाळी चहा दिला की कप माझ्यापुढं धरायचे. 'सुमन, ही मुंगीच हाय न्हवं?' मी म्हणायचे, अहो मुंगीच आहे, दुसरं काय असणार चहात? तरी कप घेऊन खिडकीपाशी जायचे. चष्मा पुसायचे, परत बघायचे. परत यायचे माझ्याकडं. 'नक्की मुंगीच न्हवं?' रोज, विलास. एकदा मी वैतागून म्हणाले, एवढंही दिसत नाही का तुम्हाला? तर मुंगी तशीच ठेवून चहा प्यायले."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

मुंगीच होती, दाजी.